जिथे जखमींना उतरवले

महाराष्ट्रात गावोगावी वीरगळी आहेत. देवळाच्या मागे, तळ्याच्या काठी, कधी शाळेच्या कुंपणाला टेकून उभ्या. खालच्या चौकटीत लढाई, बऱ्याचदा गाई पळवणाऱ्यांशी झालेली. मधल्या चौकटीत पडलेल्या वीराला वर नेणाऱ्या अप्सरा. सगळ्यात वर तोच वीर शिवलिंगाची पूजा करताना, माथ्यावर चंद्र-सूर्य. दगड तेल-शेंदराने माखलेला असतो. हा वीर कोण, असे विचारले तर गावात कोणाला सांगता येत नाही, तरी पूजा चुकत नाही. मला या दगडांविषयी मनापासून आदर आहे. पण इतक्या वीरगळी पाहिल्या, एकाही चौकटीत जखमीच्या उशाशी बसून त्याची जखम बांधणारा माणूस मला दिसला नाही. लढाईत तो असणारच, प्रत्येक लढाईत असतो. दगडात त्याला जागा मिळाली नाही, एवढेच.

या संग्रहातले लेख त्या माणसाविषयी आहेत आणि त्याच्याबरोबर विमानातून उडी घेणाऱ्या सैनिकांविषयीही. पॅराट्रूपर आणि मेडिक यांना एकत्र का आणले, हे आधी सांगायला हवे. साध्या पायदळाला पिछाडी असते. मागे रस्ता असतो, रस्त्यावर अँब्युलन्स असते, काही मैलांवर तंबूंचे इस्पितळ असते आणि जखमी टप्प्याटप्प्याने मागे पोचवला जातो. शत्रूच्या मुलखात उडी घेतलेल्या पलटणीला अशी पिछाडीच नसते. चहूबाजूंनी शत्रू. जखमीला मागे न्यायचे तर मागे म्हणजे कुठे? मग जवळ सापडेल ते छप्पर इस्पितळ होते. एखादे चर्च, शेतघर, धर्मगुरूचे घर, हॉटेल. घरातल्या चादरी फाडून पट्ट्या होतात, विहिरीचे पाणी घरधनीण काढून देते. लढाई पुढे सरकते, सैनिक निघून जातात आणि ते छप्पर रक्ताच्या डागांसकट गावाच्या वाट्याला येते. मेडिक आणि पॅराट्रूपर यांच्या खुणा राजधान्यांपेक्षा आडगावांत जास्त सापडतात, त्या यामुळे.

अशा छपरांपैकी एक फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात आहे. आँगोविल-ओ-प्लें हे कारांताँ शहराच्या जवळचे खेडे. वस्ती शंभराच्या आतली, भोवती गुरांची कुरणे आणि झुडपांचे दाट बांध. अलीकडे ते कारांताँच्या मोठ्या नगरपालिकेत विलीनही झाले आहे. गावात मध्ययुगीन दगडी चर्च आहे आणि ते कॉस्मस व डेमियन या दोन संतांच्या नावाचे आहे. हे दोघे भाऊ वैद्य होते, रोग्याकडून पैसा घेत नसत, अशी कथा आहे. ख्रिस्ती परंपरेत ते डॉक्टरांचे आणि शल्यवैद्यांचे रक्षणकर्ते मानले जातात. चर्चला हे नाव मिळाले त्यानंतर कितीतरी शतकांनी, जून 1944 मध्ये, आणखी दोन तरुण तिथे आले आणि त्यांनीही तेच काम केले. असा योग एखाद्या कादंबरीकाराने जुळवला असता तर वाचकाने नाक मुरडले असते.

5 जूनच्या रात्री इंग्लंडच्या विमानतळांवरून 13,000हून अधिक अमेरिकन पॅराट्रूपर निघाले. मध्यरात्रीनंतर ते नॉर्मंडीत उतरू लागले. ढग आणि विमानविरोधी तोफांचा मारा यांमुळे विमानांच्या रांगा विस्कटल्या, वैमानिकांनी वेग वाढवला आणि माणसे ठरल्या जागेपासून कुठल्या कुठे जाऊन पडली. काही जण जर्मनांनी मुद्दाम पाण्याखाली घातलेल्या दलदलीत बुडाले, पाठीवरच्या ओझ्यासह. 101व्या एअरबोर्न डिव्हिजनची 501वी पॅराशूट रेजिमेंट आँगोविलच्या परिसरात उतरणार होती. तिच्या दुसऱ्या बटालियनचे दोन मेडिक, रॉबर्ट राइट आणि केनेथ मूर, या चर्चपर्यंत पोचले. राइट वीस वर्षांचा, मूर एकोणीसचा. दोघेही डॉक्टर नव्हते. सैन्यात दिलेले प्रथमोपचाराचे शिक्षण हीच त्यांची विद्या.

त्यांच्याकडे काय होते, ते नीट पाहिले पाहिजे. दंडावर लाल क्रॉसची पट्टी. शस्त्र नाही. कापडी पिशवीत दाबून बांधायच्या पट्ट्या, जखमेवर टाकायची सल्फाची पूड, कात्री, चिमटे, रक्त थांबवायला दंड-मांडी आवळणारे पट्टे. आणि मॉर्फिन. टूथपेस्टच्या अगदी छोट्या ट्यूबसारखी कथलाची नळी, तिच्या टोकाला सुई. सुई टोचायची, नळी पिळायची आणि रिकामी नळी जखमीच्या कॉलरला अडकवून ठेवायची. पुढे ज्याच्या हाती तो जाईल त्याला कळावे की याला एक मात्रा मिळालेली आहे. दुसरी लगेच दिली तर श्वास बंद पडतो. शस्त्रक्रिया करणे त्यांच्या आवाक्यात नव्हतेच. रक्त थांबवणे, अंग गरम ठेवणे, पाणी देणे, धीर देणे आणि कोणाकडे आधी वळायचे ते ठरवणे, एवढेच हाती होते. त्या शेवटच्या कामाचे ओझे एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांच्या खांद्यावर होते, हे वाचताना माझा जीव गलबलतो.

शेतातली हातगाडी घेऊन दोघे कुरणांतून जखमी गोळा करू लागले. चर्चमधले लाकडी बाक म्हणजे खाटा. शस्त्रे दाराबाहेर ठेवायची, हा त्यांचा नियम सगळ्यांना सारखा होता. संध्याकाळी अमेरिकन तुकडीला गावातून माघार घ्यावी लागली. राइट आणि मूर जखमींना सोडून जायला तयार झाले नाहीत. थोड्या वेळाने जर्मन आले. त्यांच्या अधिकाऱ्याने दार उघडून पाहिले तर आतल्या बाकांवर अमेरिकनांबरोबर जर्मनही झोपवलेले. आमच्याही जखमींवर उपचार कराल का, असे त्याने विचारले. होकार मिळाल्यावर त्याने चर्चच्या दारावर रेडक्रॉसची खूण लावायला सांगितले आणि आपली माणसे पुढे नेली. पुढच्या दोन-तीन दिवसांत गाव पुन:पुन्हा या हातातून त्या हातात गेले. एक उखळी तोफगोळा छप्पर फोडून आत पडला, फरशी तडकली, पण गोळा फुटला नाही. खिडक्यांच्या काचा स्फोटांनी उडाल्या. घंटाघरात लपून बसलेले दोन जर्मन टेहळे खाली उतरले आणि शरण आले. ते इतका वेळ डोक्यावर होते, याचा खाली काम करणाऱ्यांना पत्ताही नव्हता. एकूण सुमारे 80 जखमींची शुश्रूषा तिथे झाली, त्यात गावातले एक लहान मूलही होते. दगावले ते मोजकेच.

दोघांनाही सिल्व्हर स्टार हे पदक मिळाले. युद्ध संपले, ते अमेरिकेत परतले, आपापल्या आयुष्याला लागले. इथपर्यंतची गोष्ट लष्करी कागदपत्रांतही सापडते. गावाने जे केले ते त्यानंतरचे आहे आणि या संग्रहाचा खरा विषय तोच आहे.

गावाने बाक बदलले नाहीत. लाकडात मुरलेले रक्त रंधा मारून काढता आले असते, नवे बाक घेता आले असते. चर्चची डागडुजी झाली, पण काळपट पडलेले डाग तसेच राहिले. रविवारच्या प्रार्थनेला आलेली माणसे त्यांच्या शेजारी बसत राहिली. तडकलेली फरशीही काढली नाही. फुटलेल्या खिडक्यांच्या जागी पुढे नवी रंगीत काचचित्रे आली. त्यांतले एक या दोघा मेडिकना आणि दुसरे 101व्या डिव्हिजनच्या पॅराट्रूपरना वाहिलेले आहे. चर्चपुढच्या मोकळ्या जागेला ‘प्लास टोकोआ’ नाव मिळाले. टोकोआ हे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातले ठिकाण, पॅराट्रूपरांच्या प्रशिक्षणाच्या छावणीचे. तिथेच राइट आणि मूर यांचे दगडी स्मारक उभे राहिले. राइट म्हातारपणी तिथे येत असे. 2013 मध्ये तो वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला याच चर्चच्या आवारात, गावकऱ्यांच्या थडग्यांमध्ये जागा मिळाली. दगडावर केवळ तीन आद्याक्षरे आहेत: आर. ई. डब्ल्यू. पुढच्याच वर्षी मूरही गेला.

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कोलविल इथे अमेरिकेची मोठी दफनभूमी आहे. पांढऱ्या संगमरवरी खुणांच्या सरळ रांगा, 9,300हून अधिक. ते दृश्य पाहून भलाभला माणूस गप्प होतो आणि तसे व्हायलाच हवे. तिथून काही अंतरावर ला कांब इथे जर्मन दफनभूमी आहे, तिथे 21,000हून अधिक सैनिक आहेत. राष्ट्रे आपापले मृत वेगळे करतात, मोजतात आणि त्यांची निगा राखतात. त्यांनी दुसरे काय करावे? पण राष्ट्राच्या या शिस्तीत राइट-मूर यांच्या कामाला नेमकी जागा सापडत नाही. त्यांनी किती शत्रू मारले? एकही नाही. कोणता पूल घेतला? कोणताच नाही. उलट ज्यांना मारण्यासाठी त्यांची पलटण पाठवली होती त्यांच्यातल्याही कित्येकांना त्यांनी जगवले. राष्ट्रीय स्मारकावर कोणत्या ओळीत हे कोरायचे? आँगोविलच्या चर्चला ही अडचण आली नाही. ज्या बाकावर अमेरिकन झोपला त्याच्या शेजारच्या बाकावर जर्मन झोपला होता, हे तिथे लाकडातच नोंदलेले आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे, आणि पुढचे लेख वाचताना वाचकाने ते तपासून पाहावे: जखम बांधणाऱ्याला राष्ट्रापेक्षा गाव अधिक नीट ओळखते. राष्ट्राला आपली बाजू धरावी लागते. गावाला तिथे काय घडले, तेवढेच धरून ठेवायचे असते.

आता लगेच दुसरी बाजूही सांगतो. गावाची आठवण नेहमी इतकी शांत असते असे नाही. आँगोविलच्या उत्तरेला सँत-मेर-एग्लीज हे गाव आहे. तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावर पॅराशूटला लटकलेला सैनिकाचा पुतळा वर्षभर असतो. 82व्या डिव्हिजनचा जॉन स्टील त्या रात्री खरोखरच तिथे अडकला होता, मेल्याचे सोंग घेऊन लटकत राहिला, पकडला गेला आणि पुढे सुटला. 1962 च्या ‘द लाँगेस्ट डे’ या चित्रपटाने तो जगप्रसिद्ध झाला. आज त्या मनोऱ्याखाली छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी असते, जुन्या जीप फिरतात, गणवेशाच्या नकला विकल्या जातात. जूनच्या पहिल्या आठवड्यात तर जत्राच भरते. मला तो पुतळा आवडत नाही. ज्या माणसाने त्या रात्री भोवतालच्या आपल्या मित्रांना मरताना पाहिले त्याची भीती अशी टांगून ठेवू नये, असे वाटते.

पण त्याच चर्चमध्ये आत गेले की वेगळे गाव भेटते. एका काचचित्रात कुमारी मेरीच्या भोवती विमाने आणि उतरणारे पॅराट्रूपर आहेत. त्याची मूळ कल्पना गावातल्याच एका मुलाची, तत्कालीन महापौरांचा मुलगा पॉल रेनो याची. दुसरे काचचित्र सेंट मायकेलचे आहे, ते 505व्या रेजिमेंटच्या माजी सैनिकांच्या पुढाकाराने आले. आणि पॉलची आई सिमोन रेनो हिने जे केले त्याला तर कुठलेही काचचित्र पुरणार नाही. लढाईनंतर गावाच्या आसपास अमेरिकन सैनिकांच्या तात्पुरत्या दफनभूमी होत्या. एका कबरीवर फुले ठेवतानाचे तिचे छायाचित्र ‘लाइफ’ मासिकात आले आणि अमेरिकेतून आयांची, बायकांची पत्रे सुरू झाली. माझ्या मुलाची कबर तिथे आहे का? तिच्यावर एक फूल ठेवाल का? सिमोन कबर शोधून काढी, फुले वाही, तिचा फोटो काढून पाठवी आणि उत्तर लिही. हे तिने पुढे कित्येक वर्षे चालवले. लक्षात घ्या, त्या उन्हाळ्यात नॉर्मंडीत सुमारे 20,000 फ्रेंच नागरिकही मेले, त्यांतले बरेचसे दोस्तांच्याच बाँबफेकीत. काँ आणि सँ-लो ही शहरे जवळजवळ भुईसपाट झाली. ज्यांच्या घरांवर बाँब पडले तेच लोक या कबरींची निगा राखत होते. अशा कृतज्ञतेला केवढे मोठे मन लागते, याचा अंदाज आपल्याला इतक्या लांबून येणे कठीण आहे.

हॉलंडमधले ओस्टरबेक गाव या बाबतीत आणखी पुढे गेले. सप्टेंबर 1944 मध्ये आर्नहेमचा पूल घेण्यासाठी ब्रिटिश आणि पोलिश पॅराट्रूपर उतरले. पूल हाती आला नाही आणि पहिल्या एअरबोर्न डिव्हिजनचे उरलेले सैनिक ओस्टरबेकच्या घरांमध्ये कोंडले गेले. ऱ्हाइन नदीजवळच्या जुन्या चर्चशेजारी केट टेर होर्स्ट ही बाई आपल्या लहान मुलांसह राहत होती. तिचे घर, मूळचे धर्मगुरूचे निवासस्थान, दवाखाना झाले. जिन्यावर, मोरीत, तळघरात, जागा मिळेल तिथे जखमी. बागेत मृतांना पुरावे लागले. ती एका खोलीतून दुसरीत जाई आणि बायबलमधले 91वे स्तोत्र वाचून दाखवी. तिचे ऋण ब्रिटिश सैनिकांनी शेवटपर्यंत मानले.

याच लढाईत 24 सप्टेंबरला एक विलक्षण गोष्ट घडली. डिव्हिजनचे मुख्य वैद्यकीय अधिकारी कर्नल ग्रॅम वॉरॅक जर्मनांकडे गेले आणि जखमींना हलवण्यासाठी काही तास गोळीबार थांबवण्याची विनंती केली. एगॉन स्कालका या जर्मन डॉक्टरने त्यात मदत केली. दुपारी दोन तास तोफा थांबल्या आणि शेकडो ब्रिटिश जखमी जर्मन वाहनांतून जर्मनांच्या ताब्यातल्या इस्पितळांत गेले. ते कैदी झाले, पण जगले. ठरलेली वेळ संपताच लढाई पुन्हा सुरू झाली. लष्करी इतिहासात आर्नहेमची चर्चा पुलाभोवती फिरते, हे दोन तास तळटीपेत जातात. ओस्टरबेकमध्ये तसे होत नाही.

तिथल्या युद्धस्मशानात 1945 पासून दर सप्टेंबरात शाळेची मुले येतात. प्रत्येक कबरीपाशी एक मूल फुले घेऊन उभे राहते आणि इशारा मिळताच सगळी मुले एकदम वाकून फुले ठेवतात. सुरुवातीची मुले आता पणजोबा-पणज्या झाली असतील. या परंपरेची ख्याती एवढी आहे की 1994 मध्ये, लढाईच्या पन्नासाव्या वर्षी, माजी सैनिकांनी ओस्टरबेकमध्ये गेल्डरलंड प्रांताच्या जनतेला उद्देशून एक स्मारक बसवले. त्यावरच्या मजकुराचा आशय असा, की आम्ही युद्ध लवकर संपवायला आलो होतो, पण तुमच्यावर मृत्यू आणि विध्वंस ओढवला, आणि त्याबद्दल तुम्ही आम्हाला कधी दोष दिला नाही. सैनिकांनी नागरिकांसाठी उभारलेले असे स्मारक मला दुसरीकडे माहीत नाही.

एवढे वाचून मराठी वाचक विचारील, यात आपले कोण? आहेत, आणि चांगले ठळक आहेत. आपणच त्यांच्याकडे पुरेसे पाहिले नाही.

मार्च 1944. मणिपूरमधल्या उखरुलच्या डोंगरात सांगशाक हे तांगखुल नागांचे गाव. 50व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडला तिथे अचानक जपानी सैन्याच्या मुख्य रेट्यासमोर उभे राहावे लागले. तिच्या मदतीला पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. म्हणजे सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची आपली पोरे. टेकडीवर बॅप्टिस्ट चर्च होते. जमिनीखाली हातभर खणले की खडक लागे, त्यामुळे खंदक उथळच राहिले. टेकडीवर पाण्याचा झरा नव्हता. विमानांनी टाकलेल्या रसदीचा मोठा भाग शत्रूच्या बाजूला पडला. 80व्या पॅराशूट फील्ड अँब्युलन्सचे डॉक्टर आणि परिचारक त्या उघड्या माथ्यावर, मेलेल्या खेचरांच्या दुर्गंधीत, तहानेने कासावीस झालेल्या जखमींवर उपचार करत राहिले. 26 मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम आला आणि हलवताच येणार नाहीत अशा काही जखमींना मागे ठेवून निघावे लागले. मेडिकच्या आयुष्यात याहून कठोर रात्र नसेल. त्या सहा दिवसांमुळे कोहिमा आणि इंफाळच्या बचावाला जो वेळ मिळाला त्याचे मोल सेनानींना पुढे कळले. सुरुवातीला मात्र ब्रिगेडच्या पदरी दोषच आला. कोहिमाची दफनभूमी जगाला ठाऊक आहे. सांगशाकचे नाव साताऱ्यातल्या किती घरांत घेतले जाते?

कोरियाची गोष्ट आणखी अभिमानाची. 1950 मध्ये तिथे युद्ध पेटले तेव्हा भारताने लढाऊ सैन्य पाठवले नाही, 60वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स पाठवली. सुमारे साडेतीनशे माणसे, सगळी छत्रीधारी आणि सगळी शुश्रूषेसाठी. कमांडर होते लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. 1941 मध्ये विमानातून पॅराशूटने उडी घेणाऱ्या पहिल्या भारतीय सैनिकांत या डॉक्टरचे नाव आहे. नोव्हेंबर 1950 मध्ये ते बुसानला उतरले. डिसेंबरात चिनी सैन्याच्या रेट्यापुढे प्योंगयांग सोडायची वेळ आली तेव्हा सामान टाकून निघा, असा हुकूम होता. शस्त्रक्रियेची सामग्री टाकली तर पुढे आपला उपयोग काय, या विचाराने जवानांनी एक बेवारस आगगाडी शोधली. बादल्यांनी पाणी वाहून इंजिनाचे बॉयलर भरले, आपल्यातलेच लोक इंजिनावर उभे केले आणि पूल उडवला जाण्याआधी गाडी नदीपार नेली. मार्च 1951 मध्ये मुनसानच्या उडीत अमेरिकन पॅराट्रूपरांबरोबर याच तुकडीचे 12 जण विमानातून उतरले, त्यांत रंगराज स्वतः होते. त्यांना महावीर चक्र मिळाले. तुकडीचा एक भाग देगू शहरात राहिला आणि तिथल्या नागरिकांवर उपचार करत राहिला, कोरियन डॉक्टर-परिचारिकांना शिकवत राहिला.

बुसानच्या तेजोंगदे टेकड्यांवर, समुद्राकडे तोंड करून, त्या युद्धात वैद्यकीय पथके पाठवणाऱ्या देशांचे स्मारक आहे. त्यात स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे, इटली यांच्याबरोबर भारताचे नाव आहे. कोरियन माणसांना 60वी तुकडी ठाऊक आहे. आपल्याकडे पदवीधरांनाही भारताने कोरियात काही केले याची कल्पना नसते. शाळेच्या पुस्तकात एक परिच्छेद द्यायला काय हरकत आहे?

डिसेंबर 1971 मधली टांगाइलची उडी त्यामानाने लोकांना माहीत आहे. तिथे उतरलेली 2 पॅरा ही मुळात मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. पुंगली पुलाजवळ उतरलेल्या या जवानांचे सामान गोळा करायला बांगलादेशातले खेडूत धावून आले होते. त्याविषयी संग्रहात स्वतंत्र लेख आहे, म्हणून इथे थांबतो.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस पॅराट्रूपर नव्हते, तरी त्यांना वगळून मराठीत हा विषय पुरा होणार नाही. सोलापुरात 1910 मध्ये जन्म, मुंबईत वैद्यकीय शिक्षण. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले. पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. डोंगरदऱ्यांतल्या खेड्यांत, घरांच्या ओसऱ्यांवर, जपान्यांशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. व्ही. शांतारामांच्या चित्रपटाने ते भारतात घरोघरी पोचले. शीज्याज्वांगच्या हुतात्मा दफनभूमीत त्यांचे स्मारक आहे आणि छिंगमिंगच्या सणाला, म्हणजे चिनी लोकांच्या पितरांच्या दिवशी, तिथे फुले वाहिली जातात. सोलापुरातले त्यांचे घर आता स्मारक झाले आहे. दिल्ली आणि बीजिंगचे बरे चालले असले की भाषणांतून कोटणीसांचे नाव येते, बिघडले की मागे पडते. सोलापूरकरांना आणि हपेईतल्या त्या खेड्यांना असे हवामान पाहावे लागत नाही.

साताऱ्याजवळचे अपशिंगे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जवान कामी आले, त्यांचे स्मारक तिथे आहे. सातारा, पुणे, रत्नागिरी, कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर ब्रिटिशांनी लावलेली संगमरवरी पाटी आहे. या गावातून अमुक इतके लोक 1914-1919 च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी अमुक इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. आकडे आहेत, नावे नाहीत. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावरही हाच प्रकार झाला. ब्रिटिशांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली, साध्या भारतीय जवानांची केवळ संख्या. त्या आघाडीवर, कुतच्या वेढ्यात, 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. त्यांच्या जखमींना डोली-स्ट्रेचरवरून वाहून नेणारे लोक आर्मी बेअरर कोअरचे होते, आणि त्यांच्याविषयी तर संख्याही कोणी सांगत नाही.

ही उणीव आज भरून काढता येण्यासारखी आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक भारतीय जवानांच्या नोंदीत बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. इंग्रजांनी गावांची नावे कशीबशी लिहिली आहेत, तेव्हा दोन-चार प्रकारे शोधावे लागते. गावच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांना हे काम सहज जमेल, आणि आजोबांच्या पिढीतल्या कोणाला तरी घराणे ओळखू येईल. पाटीखाली नावांची दुसरी पाटी बसवायला ग्रामपंचायतीला फारसा खर्च नाही. नावे उतरवताना एक लक्षात ठेवावे: त्या नोंदींत शिपाई, नाईक, हवालदार यांच्याबरोबर बेअरर आणि वॉर्ड ऑर्डर्ली अशाही हुद्द्यांची माणसे आहेत. ती लढणारी नव्हती म्हणून गाळू नयेत, आणि नावापुढे हुद्दा न विसरता लिहावा.